कापूस आपलाच आला पाह्यजे

मागच्या महिन्यात आमच्या अंगणात गादीवाला बसला होता. तार टणटणवत फिरणारे पिंजारी आता कमीच दिसतात, हा टेम्पोत मशीन घेऊन आला होता, भोंग्यावर "गादी पिंजून घ्याऽऽ" असं रेकॉर्ड करून लावलेलं. आईनं माळ्यावरची जुनी गादी काढली, घरच्या कापसाची, बाबांच्या वेळची, आता पार पापड झालेली. आणि मग ती खुर्ची टाकून त्या माणसासमोर बसली ते बसलीच, दोन तास हलली नाही. मी म्हटलं आई, ऊन लागून राह्यलं, आत बस, तर म्हणे, "अन् त्यानं दुसऱ्याचा टाकला मंग? कापूस आपलाच आला पाह्यजे." गादीवाला हसला फक्त. रोजच ऐकत असेल बिचारा.

नेमका तेव्हाच पुतण्या मोबाईल घेऊन मागं लागला. यवतमाळला अकरावीला आहे, सुट्टीत आलाय. "काका, सेल लागला, जीटीएची ट्रायलॉजी घेऊन द्या ना, रिमास्टर्ड हाय." आईचे कान तिकडंच. "काय हाय थे?" "आजी, काकाच्या लहानपणीचा गेम हाय, थोच आता नवीन करून निंगाला." "थोच?" आई म्हणाली, "मंग पैसे कायचे?"

आता ह्याला काय उत्तर द्यावं. मी दिवसभर सेतूचं दुकान चालवतो, सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, लोक मला कॉम्प्युटरमधला जाणकार समजतात, आणि इथं आईच्या एका प्रश्नावर गप्प. मी म्हटलं, "गादी पिंजल्यासारखंच हाय थे. कापूस थोच, खोळ नवी." ती म्हणाली, "असं असंन तर ठीक हाय. पण समोर बसा लागते."

खरं तर समोर बसायची सोयच नाही ना ह्या धंद्यात, तिथंच सगळी गडबड आहे.

ह्याच जीटीएतला व्हाइस सिटी आला २००२ ला, कॉम्प्युटरवर २००३ ला, आणि आमच्यापर्यंत पोचला २००६ ला. दारव्ह्यात एक कॅफे होता, तासाला पंधरा रुपये, आम्ही पोट्टे एसटीनं जायचो, घरी सांगायचं इंग्लिशची ट्यूशन आहे. अगदीच खोटं नव्हतं म्हणा, पँझर आणि अ‍ॅस्पिरिन हे दोन शब्द स्पेलिंगसकट मी तिथंच शिकलो, खेळता खेळता टाईप केले की एकानं रणगाडा यायचा आणि दुसऱ्यानं जीव भरायचा. ते खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन आठवतं का, बांधकामावर बॉम्ब ठेवायचं? आमच्या अख्ख्या कॅफेत ते एकट्यालाच जमायचं, आणि तो पोट्टा त्याचे पाच रुपये घ्यायचा. फेल झालं की परत गाडी घेऊन तिथपर्यंत जा, परत सुरुवात, मीटर आपलं चालूच.

आणि वर लाईन. बाहेरच्या लोकांना सांगतो, आमच्याकडं लाईट जात नाही, लाईन जाते. त्या दिवसांत भारनियमनाचं वेळापत्रक दहावीच्या टाईमटेबलपेक्षा चांगलं पाठ होतं, पण लाईनला ते पाठ नव्हतं. बल्ब एकदा बारीक झाला की कॅफेतले सगळे एकदम ओरडायचे "सेव्ह कर बेऽऽ", आणि व्हाइस सिटीत सेव्ह कुठंही होत नाही, घरी जाऊन त्या गुलाबी कॅसेटवर उभं राहावं लागतं, म्हणजे एकजण गाडी पळवतोय, मागून सहा जण रस्ता सांगतायत, आणि कॅसेट दोन पावलांवर असताना ठप्प. अंधार. त्या अंधारात जे शब्द ऐकायला यायचे ते इथं लिहित नाही.

आयजीआय तर त्याहून नालायक. २००० सालचा गेम, नॉर्वेच्या लोकांनी बनवलेला, चौदा मिशनं, आणि मिशन चालू असताना सेव्ह करायची सोयच नाही. नाहीच. अर्धा तास गवतात लोळत, कॅमेरे चुकवत, अलार्म बंद करत पोचायचं, आणि शेवटच्या भिंतीआड एक उभा असतो तो गोळी घालतो, नाहीतर लाईन जाते. मला अजून वाटतं नॉर्वेत लाईन जात नसावी, नाहीतर असं कोणी केलं नसतं.

तर सांगायचं हे की आम्हाला गेम नवा करून पाहिजे म्हणजे काय पाहिजे होतं? चकचकीत केस, पाण्यात सावली, हे नाही. आम्हाला एक सेव्हचं बटण पाहिजे होतं.

आता लोक रिमास्टर आणि रिमेक ह्यात गोंधळ करतात म्हणून थोडं सांगतो. आमच्या दारव्ह्यावरूनच शकुंतला जायची, मूर्तिजापूर–यवतमाळ, अडीच फुटी रुळाची. तिचं वाफेचं इंजिन १९९४ ला काढलं आणि डिझेलचं लावलं, बाकी रूळ तेच, डबे तसेच, चालही तीच, बैलगाडीवाला हात करून पुढं जाईल अशी. हे झालं रिमास्टर. आणि ब्रॉडगेज करा म्हणून लोक मागणी करतात, ते झालं तर तो रिमेक, नाव शकुंतला राहील पण गाडी दुसरी. २००२ चा माफिया २०२० ला असाच मुळापासून परत बांधला, तो वेगळाच गेम म्हणून घ्यायचा. (शकुंतलाचं दोन्ही न होता ती बंद पडून आहे, तो विषय वेगळा, त्यावर लिहायला बसलो तर गेम राहूनच जाईल.)

पुतण्या जे मागत होता ते नोव्हेंबर २०२१ ला आलं. जीटीए थ्री, व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास, तिन्ही एकत्र, ६० डॉलरला, तेव्हाच्या हिशोबानं साडेचार हजाराच्या आसपास. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,७२६ रुपये होता, म्हणजे पाऊण क्विंटलच्या वर कापूस झाला एका जुन्या गेमचा. आमच्या घरात कुठलीही किंमत शेवटी कापसातच मोजली जाते, मोबाईल असो का लग्नातला सूट.

आणि दिलं काय? पाऊस पडला की पांढऱ्या रेघांचा असा पडदा की रस्ताच दिसत नाही. दुकानांच्या पाट्या कॉम्प्युटरकडूनच मोठ्या करून घेतल्या, त्याला वाचता येत नाही, त्यानं अक्षरं मनानं भरली, स्पेलिंगं चुकली. पण मला सगळ्यात लागलं ते नटाचं. सॅन अँड्रियासमध्ये एक डोनटचं दुकान आहे, टफ नट नावाचं, त्याच्या डोक्यावर डोनटच्या जागी भलामोठा लोखंडी नट लावलेला, नट-बोल्टातला नट, तोच तर विनोद होता. नवीन करताना सगळ्या वस्तूंचे कोपरे गुळगुळीत करत सुटले, आणि त्या नटाचे सहा कोपरे घासून त्याला गोल करून टाकला. गोल नट! आमच्या गावात मोटार-पंप दुरुस्त करणारा भाऊ आहे, चौथी शिकलेला, त्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, "मंग पाना कुठं बसंन?" बस. अख्ख्या रिव्ह्यूत ह्याच्या वर काही लिहायची गरज नाही.

धुक्याचं पण तसंच. जुन्या सॅन अँड्रियासमध्ये लांबचं सगळं धूसर व्हायचं, कारण प्लेस्टेशन टू ला मेमरीच ३२ एमबी, त्याला तेवढं दूरचं दाखवायची ताकद नव्हती. त्यामुळं एका शहरातून दुसऱ्यात जायचं म्हणजे लांबचा प्रवास वाटायचा, मध्ये जंगल, वाळवंट, रात्र व्हायची. नवीनमध्ये ते धुकं काढून टाकलं, डोंगरावर चढलं की तिन्ही शहरं एकमेकांना खेटून, जशी तालुक्याची दोन लेआउटं. आमच्याकडं थंडीत धुवारी येते आणि तुरीचा फुलोरा झडतो, म्हणून शेतकरी धुवारीला शिव्याच देतो, पण गेमची तूर त्या धुवारीवरच उभी होती हे साफसफाई करणाऱ्याला कळलं नाही. आठ दिवसांत कंपनीला माफी मागावी लागली, आणि पुढं तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या गेमसारखं आभाळ परत आणायची सोय दिली. म्हणजे आधी पैसे घेऊन काढलं आणि मग बक्षीस दिल्यासारखं परत दिलं.

हे सगळं मी एकवेळ सोडून देईन, चुका होतात माणसाकडून, पण नवीन यायच्या आधी जुने तिन्ही गेम ऑनलाईन दुकानांतून काढून घेतले ते नाही सोडणार. बोंब झाली तेव्हा नवीन घेणाऱ्या पीसीवाल्यांना जुने परत दिले. आई समोर बसते ती हेच होऊ नये म्हणून की नाही? गादी वाईट शिवली तर उसवता येते, पण कापूसच घेऊन गेला तर काय उसवणार.

पण सगळेच असे नाहीत हं. एज ऑफ एम्पायर्स टू, १९९९ चा, त्याची डेफिनिटिव्ह आवृत्ती २०१९ ला आली, ती मी सेलमध्ये घेतली आणि आजपर्यंत एक रुपयाचा पश्चात्ताप नाही. त्यात शेत करायला ६० लाकडं लागतात, शेत १७५ अन्न देतं आणि संपतं, मग परत पेरायचं. मूळ गेममध्ये प्रत्येक शेत हातानं परत पेरावं लागायचं, तिकडं लढाई चालू आणि इकडं बारा गावकरी वाळलेल्या वावरात हात बांधून उभे, आपलं लक्ष नाही म्हणून. नवीनमध्ये एक बटण दिलंय, आपोआप पेरणी. बस एवढंच. दुबार पेरणीचं टेन्शन गेलं! हे ज्यानं केलं तो माणूस स्वतः तो गेम रात्र-रात्र खेळलेला असणार, त्याचं वावर स्वतःचं वाळलेलं असणार, त्याशिवाय हे सुचत नाही. आणि डायब्लो टू चं २०२१ चं रिमास्टर, त्यात तर एक बटण दाबलं की समोरच्या समोर जुनं चित्र, परत दाबलं की नवं. म्हणजे गादीवाल्यानं खोळीला चेनच लावून दिली, पाहा आतमध्ये, तुमचाच आहे.

खरं बोलायचं तर जुनं जसंच्या तसं पण पाहवत नाही आता. मी दुकानातल्या एलसीडीवर व्हाइस सिटी लावून पाहिला, माणसाचे हात म्हणजे कुऱ्हाडीचे दांडे. तेव्हा असा नव्हता दिसत. तेव्हाचे ते डब्बा मॉनिटर चित्र थोडं विरघळवून दाखवायचे, कोपरे आपोआप मऊ व्हायचे, आता प्रत्येक ठिपका वेगळा मोजून घ्या. तेव्हा जे पाह्यलं ते परत पाहायचं तर कोणीतरी मधात हात लावणं भागच आहे. नटावर लावू नये इतकंच.

आपल्या महाराष्ट्रात पण हा प्रयत्न झाला होता. प्रिन्स ऑफ पर्शियाचा २००३ चा सँड्स ऑफ टाइम परत बनवायचं काम युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या लोकांकडं होतं, सप्टेंबर २०२० ला ट्रेलर आला, मी सगळ्यांना पाठवला, लोकांनी ग्राफिक्सवरून इतकं झोडपलं की २०२२ ला काम कॅनडात मॉन्ट्रियलला नेलं. मला वाईट वाटलं. पुतण्या म्हणाला, "पुणं काय आपलं थोडीच हाय काका." ह्या पोरांना हे कोण शिकवतं माहीत नाही.

तर ट्रायलॉजी घ्यायची का? सेलमध्ये स्वस्त असेल, आता पुष्कळ दुरुस्तही झालीय, मिशन फेल झालं की तिथूनच परत सुरू होतं, ते हेलिकॉप्टरवालं पोट्टं उपाशी मेलं असतं आज. मी जवळपास हो म्हणणार होतो. मग जागा पाहिली, ४५ जीबी. आमच्याकडं मोबाईलचं रोजचं दीड जीबी, म्हणजे सगळं सोडून फक्त हेच उतरवलं तरी महिना, आणि तोवर त्याची सुट्टी संपते. तो हिशोब पोरानं स्वतःच केला आणि स्वतःच तोंड पाडून बसला.

तोवर गादी झाली. गादीवाल्यानं टाके घातले, दोन काठ्या हाणल्या, पापडाची पुरी झाली. आईनं चारही कोपरे दाबून पाह्यले, खोळीच्या उसवलेल्या कडेतून चिमूटभर कापूस ओढून बोटांत चोळला, आणि मग पदराची गाठ सोडली.

संध्याकाळी मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर पुतण्याला आयजीआय लावून दिला, जुन्या सीडीवरून उतरवलेला, थोडा जुगाड करून चालतो. आधी हसला, हे काय माणसं आहेत म्हणे, डोकं चौकोनी. वीस मिनिटांनी पाहतो तर पोट्टा खुर्चीच्या टोकावर, श्वास रोखून, एका टॉवरच्या मागं. आणि लाईन गेली. आता दुकानात इन्व्हर्टर आहे, स्क्रीन चालूच राहिली, पण माझ्या तोंडातून निघालंच, "सेव्ह कर बेऽऽ!"

"कुठून करू?"

"ह्याच्यात नाई हाय."

इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. त्याची बॅटरी दोन वर्षांपासून बदलायची आहे.

"काका, किती वेळ हाय आपल्याजवळ?"

"वीस मिनिटं. पंधरा समज."

त्यानं मागं वळून पाह्यलं नाही. "मंग तो पंखा बंद करा," म्हणाला.