पाच सेकंद गप्प

बाबा निवृत्त झाल्यावर मोडी शिकले, आजोळच्या जमिनीचे जुने कागद वाचता यावेत म्हणून. कागदांचं काम संपलं, पण हौस काही संपली नाही. मग दिसेल त्याला ते शिकवू लागले. अमेरिकेतल्या भाच्याने ‘आजोबा, व्हिडिओ करून पाठवा ना’ म्हटलं आणि घरातलं स्टुडिओचं खातं माझ्या गळ्यात पडलं.

पहिला व्हिडिओ मी पुढच्या कॅमेऱ्याने काढला, म्हणजे बाबांना लिहिताना स्क्रीनवर आपला हात दिसेल. फोनने तो आरशातल्यासारखा उलटा साठवला. अक्षरं उलटी आहेत हे मला कळलंच नाही, कारण मोडी मला सुलटीही वाचता येत नाही. पण बाबा डावखुरे कधीपासून झाले, एवढं तरी लक्षात यायला हवं होतं!

ते एका बटणात सुधारलं. ट्यूबलाइटने मात्र छळलं. पांढऱ्या कागदावरून करड्या पट्ट्या सावकाश खाली सरकायच्या, जशी काही कुणी पडद्यामागून चादर ओढतंय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आमच्याकडची ती जुनी, चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही. सेकंदाला ३० चित्रं टिपणाऱ्या फोनला कळतं. १०० ला ३० ने पूर्ण भाग जात नाही आणि उरलेली बाकी अशी कागदावर सरकत बसते. फोनमध्ये शटर आपल्या हाताने १/५० किंवा १/१०० सेकंदावर लावलं की पट्ट्या जातात. एकदा टिपल्या गेल्या की त्या पुसत बसण्यापेक्षा पुन्हा शूटिंग केलेलं बरं. दुसऱ्या खेपेला बाबांनी तोच धडा त्याच उत्साहाने, पण दुप्पट वेळ घेऊन शिकवला.

खरी गंमत आवाजाची. डोक्यावर पंखा, आत फ्रीज, आणि आईचा कुकर. कुकरची शिट्टी कापता येते, तिला सुरुवात आणि शेवट असतो. पंख्याची घरघर मात्र प्रत्येक शब्दाखाली अंथरलेली. त्यासाठी मी ऑडॅसिटी नावाचं आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर वापरते. २००० सालापासून फुकट मिळणारं, दिसायला तसंच जुनाट, पण कामाला खणखणीत. तिची रीत अशी की आधी तिला नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यायचा. माणसाने गप्प बसायचं आणि पंख्याने बोलायचं. पाच सेकंद पुरतात. त्या नमुन्याशी जे जुळेल ते ती सगळीकडून दाबते.

हे पाच सेकंद आणायचे कुठून?

मोडीत शिरोरेघ आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हात शक्यतो उचलत नाहीत. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. बाबा बोलतातही तसेच. ‘पेशवे दफ्तरातले रुमालच्या रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) वाचणाऱ्याची वाट बघतायत’ इथून त्यांनी सुरुवात केली की पंधरा मिनिटं कात्री घालायला फट मिळत नाही.

“बाबा, पाच सेकंद काहीही बोलू नका.”

“बरं.”

मी बोटांनी मोजू लागले. तिसऱ्या बोटाला बाबा अगदी हळू, रेकॉर्डिंगला त्रास होऊ नये अशा बेताने म्हणाले, “झालं का गं?”

मला ते ऐकू गेलं नाही. ऑडॅसिटीला गेलं. तिने बाबांचा आवाज गोंगाटात धरला आणि पंधरा मिनिटांतून तो इमानेइतबारे खरवडून काढायला घेतला. त्यात मी दाबण्याचं प्रमाण १२ डेसिबलवरून २४ वर नेलेलं. बाबा विहिरीच्या तळाशी बसून मोडी शिकवतायत असं ऐकू येऊ लागलं. आई पोळ्या लाटता लाटता आली, ऐकलं आणि म्हणाली, “अहो, तुम्हाला सर्दी झालीय का?”

दुसऱ्या दिवशी बाबांना खोलीबाहेर काढून पंख्याचा स्वतंत्र नमुना घेतला. आवाज लख्ख निघाला. ‘फ’ आणि ‘भ’ला माइकवर आदळणारे फुंकरांचे धपके होते, तेही खालचे सूर छाटून घालवले. मी खूश. बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “बोरू कुठे गेला?”

“दिसतोय की.”

“ऐकू कुठे येतोय?”

बोरूची कागदावरची ती बारीक खरखर पंख्याच्या नमुन्याशी बऱ्यापैकी जुळत असावी. प्रोग्रामने दोघांना एकाच मापाने कापलं होतं. बाबांचं म्हणणं, शिकणाऱ्याला ती ऐकू आलीच पाहिजे. खरखर वाढली की टोक गेलं, बोरू पुन्हा तासायला हवा. हात मुक्याने रेघ ओढतोय हे पाहिल्यावर मलाही ते सिनेमातल्या मारामारीसारखं खोटं वाटू लागलं, ज्यात ठोसे नंतर भरायचे राहून गेलेत.

मग रात्री बसून जिथे बाबा बोलतात तिथे साफ केलेला आवाज ठेवला आणि जिथे नुसते लिहितात तिथे मूळचा परत आणला. जोड कळू नये म्हणून दर ठिकाणी अर्ध्या सेकंदाचा उतार दिला. असे एकवीस जोड.

सकाळी बाबांनी पुन्हा पाहिलं. बोरू वाजला तशी मान डोलावली. मग थोडं थांबून म्हणाले, “मध्येमध्ये पंखा ऐकू येतोय. तो आधीच बंद नव्हता का करता येत?”