चोरी येत्या रविवारी आहे

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एका अंतराळस्थानकावरची सीलबंद टपालपेटी चोरीला जाणार आहे. ती चोरू पाहणारी मंडळी माझ्या नात्यातली आणि ओळखीतली आहेत. ते स्थानक, त्यावरचे पहारेकरी, ज्या ग्रहाभोवती ते फिरते तो ग्रह आणि ती पेटी हे सगळे मात्र मी गेल्या तीन महिन्यांत, रात्रीची जेवणे आटोपल्यावर त्याच टेबलावर बसून तयार केले आहे. पेटीत काय आहे ते मी इथे लिहिणार नाही, कारण खेळणाऱ्यांपैकी निदान दोघे तरी हा मजकूर वाचतील अशी माझी खात्री आहे.

खेळाचे नाव ‘ट्रॅव्हलर’. टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायच्या खेळांची सुरुवात १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून मानतात. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, मार्क मिलर या अमेरिकन रचनाकाराचा ‘ट्रॅव्हलर’ तीन लहान काळ्या पुस्तिकांच्या रूपात आला. तलवारी आणि राक्षसांच्या जागी त्यात जुनाट मालवाहू याने, परकी बंदरे आणि हप्ते थकलेले कप्तान होते. एक जण रेफरी होतो आणि जग चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे दोन फासे टाकायचे, बेरजेत पात्राचे कौशल्य मिळवायचे आणि आठ किंवा अधिक आले तर काम झाले. पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. ही शेवटची गोष्ट माझ्या आजीला आजतागायत पटलेली नाही, प्रत्येक सेशननंतर ती न चुकता विचारते, “मग जिंकलं कोण?”

या रविवारची मी इतकी वाट पाहत आहे त्याचे कारण मागच्या वर्षीच्या फजितीत आहे. तेव्हाही मी चोरीचाच डाव मांडला होता. चौघांनी चार तास बसून बेत आखला. कोण कुठल्या दाराने जाणार, दिवे कोण घालवणार, परतीची वाट कोणती, अशा गोष्टींनी माझ्या मामेभावाने दोन फुलस्केप कागद भरले. प्रत्यक्ष चोरी मात्र दहा मिनिटांत आटोपली, कारण दुसऱ्याच फाशाला कुलूप उघडले नाही, गजर वाजला आणि उरलेला वेळ आम्ही नुसता गोळीबार खेळलो. दोष फाशांचा नव्हता, माझा होता, हे मला नंतर गणित केल्यावर कळले. दोन फाशांच्या ३६ शक्यता असतात. कौशल्य दोन असेल तर सहा किंवा अधिक पडले की पुरते, आणि तशा शक्यता २६ आहेत, म्हणजे सुमारे ७२ टक्के. एका फाशासाठी हे प्रमाण चांगलेच दिसते. पण मी सलग पाच कामे एकमेकांना बांधून ठेवली होती आणि त्यांतले एक चुकले तरी सगळे संपत होते. ७२ टक्क्यांचा पाचदा गुणाकार केला की हाती २० टक्क्यांच्याही थोडे कमीच उरतात. म्हणजे पाचांतल्या चार वेळा मंडळी पकडली जातील असा डाव मी मांडला होता आणि वर त्यांना चार तास बेत करायला लावला होता.

या वेळी म्हणून मी आधी उपाय शोधला. २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात जॉन हार्पर यांनी बेताचा काथ्याकूट जवळजवळ काढूनच टाकला आहे. मंडळी थेट चोरीच्या ठिकाणी उभी असतात आणि अडचण आली की खेळाडू फ्लॅशबॅक मागतो: ‘या पहारेकऱ्याला मी परवाच गाठले होते.’ मग मागचे दृश्य खेळायचे आणि पुन्हा चालू क्षणावर यायचे. तिथे संकटही एकदम कोसळत नाही. चार, सहा किंवा आठ भागांचे एक वर्तुळ काढलेले असते, चूक झाली की एक-दोन भाग रंगवायचे आणि वर्तुळ भरले की गजर. मी वर्तुळे जशीच्या तशी उचलली. फ्लॅशबॅक उचलताना मात्र हात आखडला, कारण ‘ट्रॅव्हलर’मध्ये पैसा आणि तास मोजून खर्च होतात, तिथे मागे जाऊन हवे ते फुकट करून येण्याची मुभा दिली तर सगळ्याच गोष्टी स्वस्त होतात. प्रत्येकाला दोनच फ्लॅशबॅक आणि प्रत्येकाची किंमत त्या पात्राच्या खिशातून, असा नियम मी केला आहे. तो माझ्या मामेवहिनीला आवडलेला नाही.

चोरी टपालाचीच का, याचे उत्तर या खेळाच्या भौतिकशास्त्रात आहे आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद याच भागाने दिला. या विश्वात प्रकाशाहून वेगवान असा कोणताही संदेश नाही. यान ‘जंप’, म्हणजे ताऱ्यांमधली उडी, घेते आणि अंतर एक पार्सेक असो वा चार, सुमारे एका आठवड्याने बाहेर पडते. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. त्यामुळे बातमीदेखील यानातूनच जाते, टपालासारखी. साम्राज्याच्या निरोप्या होड्या एका जंपमध्ये चार पार्सेक जातात आणि आमच्या मंडळींचे दोनशे टनी मालवाहू यान एकच पार्सेक जाते. दोघांनाही आठवडाच लागतो. चोरीची बातमी घेऊन निरोप्या होडी लगेच निघाली, तर आपण जिथे पोचायला चार आठवडे घेऊ तिथे आपले वर्णन पहिल्याच आठवड्यात पोचलेले असेल. म्हणून चोरी दोन होड्यांच्या मध्येच करायला हवी: पहिली गेल्यानंतर आणि दुसरी सुटण्याआधी, तेही दुसरीला सुटायला जितका अधिक वेळ असेल तितके बरे.

त्यात आणखी एक अट आहे. ग्रहाच्या व्यासाच्या शंभर पट दूर गेल्याशिवाय जंप सुरक्षित नसते. पृथ्वीएवढा ग्रह धरला तर हे अंतर १२ लाख ८० हजार किलोमीटरच्या आसपास येते. आमचे यान एक ‘जी’, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या, त्वरणाने निघाले, अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवला आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत तो कमी करत नेला, तर तिथवर पोचायला सुमारे सहा तास वीस मिनिटे लागतात. गस्ती यानाचे त्वरण चार ‘जी’ आहे. चौपट त्वरणाला अर्धा वेळ लागतो, म्हणजे तीन तास दहा मिनिटे. मी हे टेबलावर मांडले आणि डाव आपोआप उलगडत गेला: पेटी गेल्याचे स्थानकावर किमान तीन तास दहा मिनिटे कळता कामा नये, नाहीतर मंडळी गाठली जाणार. कुलपे आणि पहारेकरी दुय्यम आहेत. खरी चोरी त्या तीन तासांची आहे, आणि हे खेळाडूंना मी आधीच सांगून टाकले आहे, कारण मागच्या वेळी बेत फसला तो त्यांना नेमके कशाचे भय बाळगायचे हेच ठाऊक नव्हते म्हणून.

चोरी करण्याचे कारण त्यांचे त्यांनीच पुरवले. मूळ नियमांत यान कर्जावर घेता येते: पाचवा हिस्सा आधी भरायचा आणि मग रोख किमतीचा २४० वा भाग दरमहा, असे ४८० महिने. सगळे भरून झाल्यावर किंमत सव्वादोन पटीच्या जवळ जाते. पुण्यात वीस वर्षांचा गृहकर्जाचा हप्ता फेडणाऱ्या माणसांना चाळीस वर्षांच्या हप्त्याची कल्पना समजावून सांगावी लागत नाही. त्यांनी यानाचे नाव ‘दख्खनची राणी’ ठेवले आहे आणि तिचे तीन हप्ते थकले आहेत.

पात्रे तयार करण्याचे सेशन जूनमध्ये झाले. ‘ट्रॅव्हलर’ची ही खासियत आहे की पात्र अठरा वर्षांचे असताना नोकरीत शिरते आणि चार-चार वर्षांच्या मुदतींनी पुढे सरकते, प्रत्येक मुदतीत जगण्याचा फासा टाकायचा, आणि १९७७ च्या नियमांनुसार तो हुकला तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरते. पुढच्या आवृत्त्यांनी ही अट सौम्य केली. आम्ही ती हट्टाने ठेवली. माझ्या शाळासोबत्याची दोन पात्रे चहा येईपर्यंत गेली.

त्यानंतर तारखेचा प्रश्न. दोघे ढोल-ताशा पथकात असल्यामुळे आषाढापासून त्यांचे शनिवार-रविवार सरावाला बांधलेले होते आणि विसर्जनापर्यंत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. विसर्जनानंतरचा रविवार ठरवला तर तो पितृपक्षात आला, आणि पितृपक्षात नवे काम नको असे मामीचे मत पडले. चोरीला मुहूर्त कसला, असे मामेभावाने तिला सांगितले. क्लबहाउसच्या अर्जावर ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ असा रकाना होता. मी ‘बैठे खेळ’ लिहिले आणि परवानगी मिळाली.

मी इतका वेळ ‘चोरी’ म्हणतो आहे, त्यालाही कारण आहे. आमच्यात एक वकीलीण आहे. मी निमंत्रणात ‘दरोडा’ लिहिले तेव्हा तिने तत्काळ हरकत घेतली की पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, पूर्वीच्या दंडसंहितेतही तसेच होते आणि आताच्या न्याय संहितेतही तसेच आहे. आपण चौघे आहोत, तेव्हा शब्द सांभाळून वापर. मी खोडून ‘चोरी’ केले.

पाचवा माणूस मिळाला तो योगायोगाने. टपाल कसे राखले जाते याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेने जाणाऱ्या टपालाची वर्गवारी करणाऱ्या खात्यात, सगळी नोकरी करून निवृत्त झालेले आहेत. मी नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेलो. आप्पा बळवंत चौकातून आणलेल्या आलेखकागदावर, एक चौकोन म्हणजे दीड मीटर या प्रमाणात, मी टपालखोली, तिजोरी, कॅमेरे असे सगळे काढले होते. काकांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, “पेटी दिसली. यादी कुठाय?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितले की थैली कधी एकटी जात नाही. तिच्याबरोबर यादी जाते आणि घेणारा यादीवरून थैल्या मोजून सही करतो. “थैली गेली आणि यादी राहिली, तर मोजताक्षणी बोंब होते. दोन्ही गेल्या, तर पुढच्या ठेसनावर कुणीतरी पत्राची वाट बघत बसेपर्यंत कुणाला पत्ता नाही.” मी तीन महिने ज्या तीन तासांच्या मागे होतो, ते त्यांनी दोन वाक्यांत काढून दिले. त्या रात्री मी स्थानकाचा निम्मा भाग खोडला. कॅमेरे कमी केले, एक कारकून वाढवला, यादीच्या दोन प्रती केल्या आणि दुसरी प्रत कुठे असते ते ठरवायला मला आणखी चार रात्री लागल्या.

नकाशा परत न्यायला गेलो तेव्हा काकांनी जरा संकोचून विचारले, “मला घेता येईल का रे तुमच्यात? की वयाची अट आहे?” अट नव्हती. अडचण एवढीच होती की यादीचे गुपित त्यांना ठाऊक होते. म्हणून मी दुसऱ्या प्रतीची जागा पुन्हा बदलली आणि ती आता त्यांनाही ठाऊक नाही. निरोप्या होड्या स्काउट खाते चालवते असे मी सांगताच त्यांनी आपल्या पात्राच्या नोकरीसाठी तेच खाते मागितले. मूळ नियमांत जगण्याचा फासा याच खात्यात सर्वांत कठीण आहे, सात किंवा अधिक. त्यांचे पहिले दोन स्काउट बावीस वर्षांचे होण्याआधीच गेले. तिसरा टिकला आणि पाच मुदती काढून अडतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. काकांनी त्याची कॅरेक्टर शीट टाचणी लावून फायलीत ठेवली आहे. वकीलबाईंना मी पाचव्या माणसाची बातमी कळवली. तिने उत्तरात फक्त ‘दरोडा’ एवढेच लिहून पाठवले.

आज शुक्रवार. वर्तुळे काढून झाली आहेत, पहारेकऱ्यांच्या पाळ्या लिहून झाल्या आहेत, आणि गस्ती यानाचा कप्तान आळशी असावा की तत्पर, हे मी काल रात्री एकट्यानेच फासे टाकून तीनदा तपासले. सगळे तयार आहे असे मानून मी वही मिटत होतो, तेवढ्यात साडेनऊला बेल वाजली. दारात काका होते. आत न येताच त्यांनी विचारले, “मला एवढंच सांग, पेटीचं सील लाखेचं आहे का? आणि असलं तर त्या तुमच्या स्थानकावर लाख वितळवायला मेणबत्ती पेटवू देतात का?”

मी म्हटले, रविवारी सांगतो. ते हसून जिना चढून गेले. मी दार लावले, वही पुन्हा उघडली आणि टपालखोलीतल्या हवेत प्राणवायू किती, धुराचा गजर कुठे आणि तो वाजला तर वर्तुळाचे किती भाग रंगवायचे, ते लिहायला बसलो.