लिम्पोपोची शिकार: डब्यावरचं नाव स्वतः वाचल्याशिवाय गोळी भरू नका

रावेरहून निघालो तेव्हा केळीची शेवटची गाडी नुकतीच भरून गेली होती. आफ्रिकेत एकदा रीतसर परवान्यावर शिकार करायची हे खूप वर्षं डोक्यात होतं. आपल्याकडे 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि रोही, रानडुकरं शेतात कितीही धुडगूस घालोत, हे वाचून कोणी इथं प्रयोग करायला जाऊ नका. मावसभाऊ जोहान्सबर्गला नोकरीला आहे, त्याच्या ओळखीनं लिम्पोपो प्रांतातला एक फार्म ठरला. आम्ही अदिस अबाबावरून गेलो, तिथं 12 तासांपेक्षा जास्त थांबा पडत असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, तिकीट काढतानाच बघून घ्या. क्रुगर राष्ट्रीय उद्यानातले दोन दिवस छान गेले.

आता मुद्द्याचं. रायफल इथून न्यायच्या भानगडीत पडलो नाही, फार्मवरचीच .30-06 बोअरची भाड्यानं घेतली, दिवसाला 40 डॉलर, आणि काडतुसं 'प्रीमियम बॉन्डेड, 180 ग्रेन' (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) म्हणून एकेक 5 डॉलरला. काडतुसं दिली ती चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली, डबा नाही काही नाही. मी विचारलं नाही. भो, तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लू विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकन हरणाचा नर मिळाला. अडीचशे किलोचं जनावर, तिथं त्याला गरिबाची म्हैस म्हणतात ते उगाच नाही, इतका चिवट प्राणी मी पाहिलेला नाही. अंतर जेमतेम 60 मीटर, तिपाईवर रायफल टेकवलेली, नेम पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक तृतीयांश उंचीवर, कारण त्याचं काळीज खूप खाली असतं आणि पाठीच्या उंचवट्यामुळे नवा माणूस हमखास वर मारतो. गोळी जिथं लागायला हवी तिथंच लागली, आवाज आला, जनावर वाकलं आणि पळालं.

पुढचे साडेपाच तास मी विसरणार नाही. माग काढणारा माणूस वाकून एकेक थेंब दाखवायचा, गवताच्या पात्यावर मोहरीएवढा, मग दोनशे पावलं काहीच नाही, मग परत एक. सगळीकडे काटे. तिथं एक झाड आहे, त्याला आफ्रिकान्समधे 'जरा थांब' अशा अर्थाचं नाव आहे, ते आपल्या बोरीचंच भावंड, एक काटा सरळ आणि एक वाकडा, सरळ काट्यातून सुटलात तर वाकडा धरतो. आपल्या बोराट्यांत लहानपण गेलं तरी माझे दोन्ही हात सोलून निघाले. जाड कापसाची पूर्ण बाही घाला, ते चकचकीत ट्रेकिंगचं कापड तासाभरात फाटतं. अंधार पडला तेव्हा माग सोडला आणि रात्रभर झोप नाही, कारण जनावर कुठंतरी तडफडत होतं आणि ते माझ्यामुळे.

सकाळी गिधाडांवरून सापडलं. मांस गेलं, एरवी ते कामगारांच्या घरी जातं. खांदा कापायला लावला तेव्हा कळलं. हाडाच्या अलीकडेच गोळीचं तांब्याचं रिकामं टरफल पडलेलं, केळीचं साल चेपावं तसं चपटं, आत शिसं नाहीच. शिशाचे बारीक कण मांसात वीतभर पसरलेले. छातीत जेमतेम एक तुकडा पोचला होता. साध्या सॉफ्ट पॉइंट गोळीत शिशाचा गाभा टरफलात नुसता दाबून बसवलेला असतो, जवळून, पूर्ण वेगात, जाड हाडावर आपटली की दोन्ही वेगळे होतात. बॉन्डेडमधे सराफ डाग लावून दोन तुकडे एकजीव करतो तसं शिसं टरफलाला चिकटवलेलं असतं, ते असं रिकामं होत नाही. म्हणजे पैसे बॉन्डेडचे घेतले आणि गोळी साधी दिली. वर नियम असा की रक्ताचा थेंब पडला की जनावराची पूर्ण फी द्यायची, सापडो न सापडो. हा नियम जवळपास सगळीकडे आहे, तो मी मान्य करून गेलो होतो, पण खोटी गोळी देऊन तो लावणं ही सरळ लूट आहे.

मावसभाऊ म्हणाला, "दादा, पैसे परत मागत बसू नको, आधी नवी गोळी मागव." शेजारच्या फार्मवरून स्विफ्ट ए-फ्रेमचा सीलबंद डबा आला, तोही 180 ग्रेन. या गोळीत मधे तांब्याचा पडदा असतो, ती कल्पना जॉन नॉस्लरची, त्याची पार्टिशन गोळी 1948 पासून बाजारात आहे, ए-फ्रेममधे त्यावर पुढचं शिसंही चिकटवलेलं. आधी कागदावर पाच गोळ्या झाडल्या. गोळी बदलली की नेम हलतोच, आमचा शंभर मीटरवर चार बोटं डावीकडे गेला होता, तो दुरुस्त केला. हे टाळू नका, दहा मिनिटं लागतात.

मग दुसरा विल्डबीस्ट, 90 मीटर, तोच खांदा, तीच रायफल. चाळीस पावलांवर पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. गोळी पलीकडच्या कातड्याखाली मिळाली, तोंड आळंबीसारखं उमललेलं, मागचा भाग जसाच्या तसा. तिथल्या बारूद मोजायच्या काट्यावर टाकली, 171 ग्रेन, म्हणजे शंभरातले पंचाण्णव शिल्लक. कुडूला मारली ती तर आरपार गेली.

माझं मत स्पष्ट आहे. विल्डबीस्ट, कुडू, गेम्सबॉक, एलंड अशा मोठ्या हरणांसाठी बॉन्डेडच घ्या, जवळचा शॉट आणि वेगवान रायफल असेल तर नक्कीच. इम्पाला, स्प्रिंगबॉक अशा लहान हरणांना पैसे घालवू नका, साधी गोळी पुरते. सगळ्या बॉन्डेड सारख्या नसतात, अक्युबॉन्ड नावाची बॉन्डेड गोळी मऊ आहे, लवकर उमलते आणि साठ-सत्तर टक्के वजन राखते, लांबच्या शॉटला ती बरी. फार लांब मारलं आणि वेग सेकंदाला 1800 फुटांच्या खाली उतरला तर ती धड उमलत नाही. आणि पोटात लागली तर बॉन्डेड असो नाहीतर सोन्याची, माग काढत फिरावंच लागतं. तिथल्या रानम्हशीला .30-06 नाहीच, तिथं .375 बोअरपासून सुरुवात.

करार करताना काडतुसाचं नाव आणि वजन लिहून घ्या आणि डबा आपल्यासमोर फोडायला लावा. तीन महिने आधीपासून उभं राहून तिपाईवर सराव करा, दिवसाला पंधरा किलोमीटर चालता येतं हे मी धरूनच चाललोय.

ती 171 ग्रेनची गोळी आणायची फार इच्छा होती, पण फोटो काढून तिथंच टेबलावर ठेवली. विमानतळावर बॅगेत काडतुसाचं काहीही निघालं तर अटकेपर्यंत जातं. निघायच्या आदल्या रात्री सगळे खिसे उलटे करून बघा, माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात एक रिकामी पुंगळी निघालीच.