पुढचा भाग

काल रात्री दोन वाजता 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' या नेटफ्लिक्सवरील, बायकांच्या तुरुंगात घडणाऱ्या मालिकेच्या चौथ्या सीझनमधील बाराव्या भागात पूसे ही कैदी तुरुंगाच्या भोजनगृहात पहारेकऱ्याच्या वजनाखाली गुदमरून गेली आणि मी सावरेपर्यंत पुढचा भाग आपोआप सुरूही झाला. (मालिका 2019 मध्येच संपली, तेव्हा गुपित फोडल्याचा ठपका नको.)

त्या भागात तिचा देह तासन्‌तास त्याच फरशीवर पडून राहतो. पाहवत नव्हते, तरी पाहिले.

मालिकेची नायिका पायपर मला कधीच फारशी रुचली नाही. मालिका खरी तोलून धरतात त्या टेस्टी, रेड, सूझन यांच्यासारख्या बायका, आणि सीझनचे तेराही भाग एकाच दिवशी हाती आल्यामुळे त्यांच्यातली एखादी गेली तरी तिच्यासाठी थांबणे होत नाही.

पूसेसाठी हळहळायला एक रात्र तरी हवी होती. रिमोट तर माझ्याच हातात होता ना?