वेढे नसलेला ट्रान्सफॉर्मर

ट्रान्सफॉर्मर म्हटलं की तारेच्या दोन गुंडाळ्यांतल्या वेढ्यांचं गुणोत्तर, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. असं कोणी म्हणालं की मी ड्रॉवरमधली एक करडी सिरॅमिकची पट्टी त्याच्या हातावर ठेवतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅकलाइट इन्व्हर्टरमधून काढलेली. ना तांबं, ना गाभा, तरी हा ट्रान्सफॉर्मरच: पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे व्होल्टेज दिलं की ताणला जाणारा आणि ताणला की व्होल्टेज देणारा.

नीट पाहिलं तर पट्टीच्या अर्ध्या भागावर वर-खाली चांदीचा थर आहे, उरलेल्या अर्ध्याला फक्त टोकाशी. पहिला भाग जाडीच्या दिशेने पोल केलेला (म्हणजे बनवतानाच विद्युतक्षेत्राने त्याला कायमची दिशा दिलेली), दुसरा लांबीच्या. पहिल्याला एसी दिलं की तो लांबीत किंचित ताणला-आखडला जातो. ते कंपन दुसऱ्या भागात पोचतं आणि त्या ताणातून टोकावर व्होल्टेज उभं राहतं. चार्ल्स रोझेन यांची ही १९५०च्या दशकातली रचना. आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पण नुसतं हलवून भागत नाही. पीझेडटीमध्ये (या पट्टीच्या सिरॅमिकमध्ये) ध्वनी सेकंदाला साधारण ३,००० ते ३,३०० मीटर जातो, म्हणजे ३० मिलिमीटरच्या पट्टीत अर्धी लहर बसायला ५० ते ५५ किलोहर्ट्झ लागतात. फंक्शन जनरेटर लावून फ्रिक्वेन्सी सावकाश सरकवा: ऑसिलोस्कोपवर बराच वेळ काहीच नाही, मग एकदम व्होल्टेजची उसळी (हाच रेझोनन्स), आणि जरा पुढे गेलात की पुन्हा सपाट. लांबी जास्त, जाडी कमी, तेवढी उसळी मोठी.

मला यातली खरी गंमत लोडची, म्हणजे टोकाला जोडलेल्या भाराची वाटते. बॅकलाइटची ट्यूब पेटेपर्यंत करंट घेत नाही, त्यामुळे कंपन मोकळं वाढतं आणि व्होल्टेज हजारावर जातं. पेटवायला नेमकं तेच हवं असतं. पेटली की ट्यूबच कंपन दाबते आणि व्होल्टेज आपोआप काहीशेवर येतं. गुंडाळीच्या ट्रान्सफॉर्मरकडून हे करवून घ्यायला वेगळी खटपट करावी लागते. बदल्यात इथे रेझोनन्स लोडनुसार आणि तापमानानुसार सरकतो, सर्किटला सतत त्याच्या मागे राहावं लागतं.

पट्टी धरायची ती मधोमध, कारण अर्ध्या लहरीत तिथे हालचाल शून्य असते. ताण मात्र तिथेच सर्वाधिक, आणि दोन दिशांच्या पोलिंगचा सांधाही तिथलाच. म्हणून घट्ट चिमटा नको, मऊ सिलिकॉनचा ठिपका पुरे. लोड न जोडता रेझोनन्सवर जोर लावलात, तर तडा बहुतेक तिथूनच जाणार.