डोंगरपायथ्याचे ७२ किलोमीटर : ओढ्याच्या टप्प्यात फसू नका

ज्या जीपीएस ट्रॅकवर, म्हणजे आधी कुणीतरी नोंदवलेल्या वाटेवर, विसंबून मी एकटी पळायला निघाले, त्यात ३८ ते ४७ किलोमीटरचा टप्पा ‘सहज पळता येईल’ असा दिला होता. साफ चूक. तिथे धड चालताही येत नाही. त्या ९ किलोमीटरला मला सव्वातीन तास लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधीचे ३८ किलोमीटर मस्त आहेत, वाट मळलेली आहे, चुकायचा प्रश्नच नाही.

मग वाट कोरड्या ओढ्यात उतरते. डोक्याएवढे गोटे, त्यातले निम्मे सुटे. पाय टेकला की दगड कलंडतो आणि घोटा त्याच्यामागे जातो. काठाने जावं म्हटलं तर मुरमाड घसारा आणि काटेरी झुडपं. वर दिसतात त्या ढोरवाटा. मी दोनदा त्यांच्या मागे गेले, दोन्ही वेळा झाडीत अडकून परत फिरले. नकाशात हा भाग सपाट वाटतो, कारण समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला एक अशा आहेत. पंधरा मीटरचा चढउतार दोन रेषांच्या मध्ये गडप होतो. असे २३ मोजले, पुढे मोजायचं त्राण राहिलं नाही.

नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा डोंगरात लागणाऱ्या वेळेचा १८९२ सालचा ठोकताळा, म्हणजे ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक, इथे जेमतेम अडीच तास देतो. त्यावर तासभर वाढवूनच धरा.

पाण्याचं तर विचारूच नका. नकाशात ओढ्याची निळी रेघ तुटक आहे, म्हणजे पाणी हंगामी. तरी एखादं डबकं सापडेल म्हणून मी दीड लिटरच भरलं. ४३व्या किलोमीटरला पाण्याच्या पिशवीच्या नळीतून नुसती हवा आली. ऐन दुपार, दगड तापलेले. तीन लिटर घ्याच, पाठीवर दीड किलो वाढलं तरी चालेल.

ओढ्यात रेंज नाही. शिट्टी सॅकमध्ये नको, छातीच्या पट्ट्यावर हवी. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, ते घरी लिहून ठेवा.

ओढा संपवून खिंडीत आले, वारा लागला आणि पाय आपोआप सुटले. फार सुंदर उतार आहे तो! मी सगळा जोर तिथेच लावला आणि दोन दिवस जिना उतरता आला नाही. तिथे आवरतं घ्या.

मी सहाला निघाले होते. तुम्ही पहाटे तीनला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत ओढा लागेल.