आईच्या पर्समधलं हॉटेलचं कार्ड

एप्रिलमध्ये आम्ही व्हिएतनामला जाऊन आलो, मी, नवरा, दहावीत गेलेला मुलगा आणि माझे आई-बाबा, आणि आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, अगदी ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेताना सुद्धा लोक विचारतायत की खर्च किती आला, काय काय बघितलंत, आम्हाला पण प्लॅन पाठव. प्लॅन पाठवते, त्यात काही नाही. पण मला त्याआधी निघायच्या आधीच्या महिन्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्या पूर्ण ट्रिपमध्ये जे काही निभावलं ते त्या महिन्यात नौपाड्यातल्या घरी बसून केलेल्या तयारीमुळे निभावलं.

हनोईतला पहिलाच शनिवार. तिथे शहराच्या मधोमध होआन किएम नावाचं तळं आहे, शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत त्याच्या भोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात आणि सगळं गाव तिथे फिरायला येतं. तळ्यात छोटं बेट, बेटावर देऊळ, तिकडे जायला लाल लाकडी पूल. आई बघताक्षणी म्हणाली, अगं ही तर आपली तलावपाळी! आणि गर्दी म्हणाल तर दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर असते तशी. पुलाजवळ फोटो काढता काढता आम्ही पुढे गेलो आणि आई मागे राहिली. तिचा फोन चार्जिंग संपलं म्हणून हॉटेलवरच होता. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही वेड्यासारखे शोधत होतो, बाबा तर एका जागी बसूनच राहिले, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

आईने काय केलं, तर पर्समधून हॉटेलचं कार्ड काढलं आणि उसाचा रस विकणाऱ्या एका मुलीला दाखवलं. त्या मुलीने कार्डावरच्या नंबरवर फोन लावला, हॉटेलच्या रिसेप्शनवाल्याने मला फोन केला, आणि आम्ही पोचलो तेव्हा आई स्टुलावर बसून रस पीत होती. चेक-इन करताना मी पाच कार्डं मागून प्रत्येकाच्या हातात एकेक दिलं होतं, तेव्हा मुलगा म्हणाला होता की गूगल मॅप आहे ना, कार्ड कशाला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तयारी करताना घरातल्या सगळ्यात हुशार माणसाला धरून करू नका. आपल्याकडे काय होतं, एकजण सगळं बघतो, तिकिटं त्याच्या फोनमध्ये, व्हिसा त्याच्या फोनमध्ये, पैसे त्याच्याकडे, आणि बाकीचे त्याच्या मागे मागे. तो एक माणूस दिसेनासा झाला की बाकीच्यांकडे स्वतःच्या हॉटेलचं नावसुद्धा नसतं. आम्ही प्रत्येकाला एक छोटी पाउच केली होती, त्यात पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाचा प्रिंट, तिथले थोडे सुटे पैसे, घरच्या सगळ्यांचे नंबर कागदावर लिहून आणि इमर्जन्सीचे आकडे, पोलीस ११३, आग ११४, अँब्युलन्स ११५. गावात पोचलं की त्यात त्या हॉटेलचं कार्ड, आणि गाव बदललं की जुनं कार्ड काढून नवीन. जुनं काढणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर माणूस दा नांगमध्ये हरवायचा आणि हनोईचा पत्ता दाखवायचा.

आता व्हिसा. व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवर स्वतः भरता येतो, पत्ता जीओव्ही डॉट व्हीएनने संपतो का ते नीट बघा, कारण सर्च केलं की तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट वर येतात आणि आमच्या ओळखीतल्या एकांनी तिथे जवळजवळ तिप्पट पैसे भरले. सरकारी फी सिंगल एंट्रीला २५ डॉलर, मल्टिपलला ५०, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. फी परत मिळत नाही, म्हणून फॉर्म भरताना घाई नको. आपल्या मराठी नावांची खरी गंमत इथे होते. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आधारवर वेगळा क्रम, विमानाच्या तिकिटावर आपण नुसतं नाव-आडनाव टाकून मोकळे होतो. आईच्या बाबतीत तर आधारवर सासरचं नाव आणि जुन्या पासपोर्टवर स्पेलिंग वेगळं. फॉर्ममध्ये पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींमध्ये जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर जुळवून टाका, आणि दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगून तपासा. बाबांनी वाचलं तेव्हा माझ्याच पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकलेला सापडला. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, नसेल तर आधी वागळे इस्टेटला पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट, मग बाकीचं. आणि फॉर्ममध्ये कुठल्या एअरपोर्टवर उतरणार ते विचारतात, म्हणून आधी विमान ठरवा मग फॉर्म भरा.

कधी जायचं यावर मी जरा आग्रहाने बोलणार आहे कारण आपली मंडळी सगळी दिवाळीच्या सुट्टीत निघतात. हा देश उत्तर-दक्षिण साधारण १६५० किलोमीटर लांब आहे, म्हणजे मुंबईहून विमानाने कोलकाता गाठण्याएवढा, त्यामुळे एक हवामान असं नाहीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधल्या भागात, म्हणजे दा नांग, होई आन, ह्युए इकडे, ऐन पावसाळा असतो, होई आनच्या जुन्या गल्ल्यांमध्ये नदीचं पाणी शिरतं. नेमकं फोटोत बघून सगळे जिथे जायचं म्हणतात तेच गाव. दिवाळीतच जायचं असेल तर उत्तर किंवा दक्षिण करा, मधला भाग ठेवा एप्रिल-मेसाठी, ऊन असतं पण आपण ठाणेकर उन्हाला काय घाबरणार. जानेवारीत हनोईला स्वेटर लागतो, दहा-पंधरा डिग्रीवर येतं, तेव्हाच हो ची मिन्ह सिटीत तिशीचं ऊन असतं. उत्तरेला "हा लाँग बे" नावाची खाडी आहे, तिथली क्रूझ जुलै ते सप्टेंबर शक्यतो नको, वादळाचे दिवस, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळाने तो भाग फार झोडपला. आणि जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत त्यांचं नवीन वर्ष येतं, तेत म्हणतात त्याला, तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

पैशांचं सांगते. साधारण ३०० डाँग म्हणजे आपला १ रुपया. मेनूवर ५०के लिहिलेलं असतं ते ५०,०००, मागचे तीन शून्य विसरा आणि उरलेल्याला तीनने गुणून थोडं वर धरा, म्हणजे दीडशेच्या जरा पुढे. बाबांना हे दोन दिवसात जमलं, ते रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घालणारे, हिशोबाचे पक्के. पण त्यांनाही नोटांनी फसवलं, २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळसर, दोन्हीवर हो ची मिन्ह यांचा फोटो, अंधारात सारख्याच. पाच लाखाच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा, एवढं कराच. कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार बँकेच्या ॲपमधून इथूनच चालू करून घ्या, आपल्याकडे कार्ड नवीन आलं की ते बंदच असतं. आणि इथलं सिम फोनमधून काढून टाकू नका, ओटीपी त्याच्यावरच येणार. ग्रॅब हे टॅक्सी बोलवायचं ॲप पण घरीच टाकून नंबर व्हेरिफाय करून ठेवा, टॅक्सीत भाडं आधीच दिसतं म्हणून घासाघीस नाही.

जेवण. बाबा पूर्ण शाकाहारी, बाकी आम्ही चालवून घेतो. तिथे नुसती भाजी मागितली तरी त्यात नुओक माम म्हणजे माशाचा सॉस असतो, मीठ असतं तसा, त्यांना तो मांसाहार वाटतच नाही. त्यामुळे "नो मीट" म्हणून काही होत नाही. शब्द आहे "चाय", आपल्या चहासारखाच ऐकू येतो, अर्थ बौद्ध लोकांचं शाकाहारी जेवण. "तोय आन चाय", मी शाकाहारी आहे. बाबांकडून आम्ही हे वाक्य आठवडाभर रोज जेवायच्या आधी म्हणून घेतलं, आणि कागदावर त्यांच्या लिपीत छापूनही दिलं, कारण त्यांच्या भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. पाटीवर चाय लिहिलेली खानावळ दिसली की निर्धास्त आत जा, टोफू, मशरूम, फणसाचे पदार्थ, बाबा फणसावर खूश. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे खूप लोक शाकाहार पाळतात, आईला हे कळलं तेव्हा तिला फार आपलंसं वाटलं, म्हणाली आपल्या चतुर्थीसारखंच की. हनोईची अंड्याची कॉफी मात्र बघून कळत नाही, वर क्रीम दिसतं ते अंड्यातलं पिवळं फेटलेलं असतं. नळाचं पाणी प्यायचं नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी न्या पण अर्धी बॅग खाण्याची भरू नका, फळं इतकी सुंदर मिळतात.

औषधांकडे लक्ष द्या, हे मी हात जोडून सांगते. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, हँडबॅगेत, ट्रिपपेक्षा पाच दिवसांच्या जास्त, आणि डॉक्टरांकडून कंपनीचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं, कारण आपले ब्रँड तिकडच्या केमिस्टला माहीत नसतात. इन्शुरन्स घेताना आई-बाबांचे जुने आजार लपवू नका आणि ते कव्हर होतात का ते वाचून बघा.

स्कूटर भाड्याने घेण्याबद्दल मुलांना आधीच सांगून टाका, नाही. आरटीओतून मिळणारं आपलं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराचं असतं, व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं मानतं. दुकानदार कोणालाही गाडी देतो, पण अपघात झाला तर लायसन्स नाही असं धरलं जातं आणि इन्शुरन्स हात वर करतो. नवऱ्याला होई आनहून "मी सोन" नावाच्या ठिकाणी स्कूटरनेच जायचं होतं, आम्ही गाडी केली. "मी सोन"ला जाच, चाम नावाच्या तिथल्या जुन्या राजांनी बांधलेली शंकराची देवळं आहेत, आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं काम केलंय, २०२० मध्ये त्यांना तिथे अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आई तिथे बराच वेळ हात जोडून उभी होती. सकाळी सातला पोचा, दहानंतर ऊन सहन होत नाही.

रस्ता ओलांडणं ही तिथली खरी परीक्षा. गाड्या उजव्या बाजूने चालतात म्हणून आधी डावीकडे बघायचं, आणि एकदा पाऊल टाकलं की त्याच चालीने हळू हळू जात राहायचं, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही. स्कूटरवाले तुमची चाल बघून बाजूने काढतात, तुम्ही दचकलात की त्यांचा अंदाज चुकतो. बस किंवा कारसाठी मात्र थांबा.

डोंबिवलीची मावशी आता डिसेंबरात चाललीय. परवा ती आली तेव्हा आईने तिला पाउच शिवून दिली, आत तीन कप्पे, एक निळ्या मोठ्या नोटांचा. मग दोघी गोखले रोडला खरेदीला गेल्या आणि फूटपाथच्या कडेला उभं राहून आई तिला सांगत होती, इथे उजवीकडे, पण तिथे आधी डावीकडे, म्हणून दाखव बघू.